विद्यार्थ्यांनी बांधलेली शर्यतीची गाडी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संघात नव्याने दाखल होणारे विद्यार्थी, त्यांचे पालक, प्रायोजक आणि कधीकधी विभागातील प्राध्यापकही जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. यांतील आकडे फॉर्म्युला एसएई आणि फॉर्म्युला स्टुडंट या स्पर्धांच्या नियमांतील आहेत. नियमपुस्तक दरवर्षी बदलते आणि स्पर्धेगणिक थोडे वेगळे असते, म्हणून कागदावर पहिली रेघ ओढण्यापूर्वी आपल्या स्पर्धेची चालू वर्षाची प्रत संपूर्ण वाचावी. ती वाचायला दोन दिवस लागतात. न वाचल्यामुळे दोन महिने वाया गेलेले संघ आम्ही पाहिले आहेत.

ही स्पर्धा नेमकी कशाची असते?

विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी एका आसनाची, उघड्या चाकांची छोटी शर्यतीची गाडी स्वतः आखायची, स्वतः बांधायची आणि मग ती चालवून दाखवायची, असे या स्पर्धेचे स्वरूप आहे. फॉर्म्युला एसएई या नावाने ती १९८१ मध्ये अमेरिकेत ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठात प्रथम भरली. ब्रिटनमध्ये फॉर्म्युला स्टुडंट १९९८ पासून भरते आणि जर्मनीतील स्पर्धा २००६ मध्ये हॉकेनहाइम येथे सुरू झाली. आज अनेक खंडांत तिच्या आवृत्त्या होतात आणि मूळ नियम बहुतांशी समान असतात.

स्पर्धेमागची कल्पना अशी आहे की, एका काल्पनिक उत्पादकाने विद्यार्थ्यांच्या संघाला हौशी शर्यतपटूंसाठी गाडीचा नमुना तयार करण्याचे काम दिले आहे. म्हणूनच वेगाच्या जोडीने खर्च, उत्पादनसुलभता, देखभाल आणि विक्रीची योजना यांचेही परीक्षण होते.

म्हणजे सर्वांत वेगवान गाडी जिंकत नाही का?

बरेचदा जिंकत नाही. एकूण गुण १००० असतात. फॉर्म्युला एसएईच्या वाटणीत त्यांपैकी ३२५ गुण गाडी जागची न हलवता मिळतात : डिझाइन १५०, खर्चाचा हिशेब १०० आणि व्यवसाय योजनेचे सादरीकरण ७५. उरलेले ६७५ गुण प्रत्यक्ष धावण्याचे असतात. त्यांत ७५ मीटरच्या सरळ धावेला १००, इंग्रजी आठच्या आकड्यासारख्या स्किडपॅडला ७५, एकट्याने घड्याळाविरुद्ध मारायच्या ऑटोक्रॉसच्या फेरीला १२५, सुमारे २२ किलोमीटरच्या एन्ड्युरन्सला २७५ आणि त्या धावेतील इंधन किंवा ऊर्जेच्या काटकसरीला १०० गुण असतात.

ही वाटणी नीट पाहिली तर एक गोष्ट लक्षात येते. एन्ड्युरन्स आणि काटकसर मिळून ३७५ गुण एकाच धावेवर अवलंबून आहेत आणि ती धाव पूर्ण न करणाऱ्या गाडीला त्यांतले जवळजवळ काहीच मिळत नाही. त्यामुळे सरळ धावेत पाव सेकंद वाचवण्यासाठी महिनाभर झटणाऱ्या संघाने तो महिना गाडी २२ किलोमीटर न थांबता धावेल याची खात्री करण्यात घालवला असता, तर ते अधिक शहाणपणाचे ठरले असते. पुढील बहुतेक उत्तरे या ना त्या वाटेने याच मुद्द्यावर येतात.

तयार गाडी विकत घेऊन किंवा व्यावसायिकांकडून बांधून आणली तर चालते का?

चालत नाही. संकल्पना, आखणी आणि बांधणीचे व्यवस्थापन विद्यार्थ्यांचेच असले पाहिजे. व्यावसायिक अभियंते, शर्यतीतले तंत्रज्ञ किंवा प्राध्यापक यांनी माहिती द्यावी, आराखड्यावर चर्चा करावी, चुका दाखवाव्यात. निर्णय मात्र घेऊ नयेत. सुटे भाग विकत घेता येतात आणि अवघड यंत्रकाम बाहेरून करून आणता येते. तथापि तो भाग तसाच का घेतला, हे ज्याला सांगता येत नाही त्याची डिझाइनच्या परीक्षणात पंचाईत होते.

संघात येण्यासाठी मेकॅनिकल शाखाच हवी का?

नाही. इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स आणि संगणक शाखांच्या विद्यार्थ्यांवाचून आजची गाडी उभी राहूच शकत नाही. वाणिज्य किंवा व्यवस्थापनाचा एखादा विद्यार्थी संघात असेल तर खर्चाचा अहवाल आणि सादरीकरण कमालीचे सुधारते. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला लेथ चालवता येत नसेल तरी हरकत नाही. ठरलेल्या वेळी कार्यशाळेत येणे, केलेले काम लिहून ठेवणे आणि न समजलेले निःसंकोच विचारणे, एवढे जमले तर बाकीचे वर्षभरात येते.

आखणीची सुरुवात कुठून करावी? इंजिनापासून की चासीपासून, म्हणजे गाडीच्या मूळ सांगाड्यापासून?

दोन्हींपासून नव्हे. सुरुवात टायरपासून करावी.

गाडीचा वेग वाढवणारे, तिला थांबवणारे आणि वळवणारे प्रत्येक बल अखेर टायर आणि रस्ता यांच्या तळहाताएवढ्या संपर्कातूनच येते. टायर किती भाराखाली, किती तापमानात आणि चाकाच्या किती कलाला सर्वाधिक पकड देतो, हे कळले की सस्पेन्शनची, म्हणजे चाके चासीला जोडणाऱ्या दांड्या आणि स्प्रिंगांची, भूमिती त्यावरून ठरते. सस्पेन्शनचे जोडबिंदू ठरले की चासीला कुठे गाठी हव्यात ते ठरते, आणि त्या गाठींच्या मधल्या जागेत चालक व इंजिन बसवायचे असतात. नवखे संघ हा क्रम नेमका उलटा करतात : हाती आलेल्या इंजिनाभोवती नळ्यांचा सांगाडा उभारतात आणि सस्पेन्शनचे बिंदू जिथे जागा उरेल तिथे बसवतात. अशी गाडी चालते. पण वळणावर ती तशी का वागते, हे कोणालाच सांगता येत नाही.

स्किडपॅडचे उदाहरण घेऊ. आतल्या वर्तुळाचा व्यास १५.२५ मीटर आणि मार्गाची रुंदी ३ मीटर असते, म्हणजे मार्गाच्या मध्यरेषेची त्रिज्या ९.१२५ मीटर झाली. मध्यरेषेवरून एक वर्तुळ ५.५ सेकंदांत पुरे करणारी गाडी गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे १.२१ पट आडवे त्वरण सोसते, तर ५ सेकंदांत पुरे करणारी सुमारे १.४७ पट. अर्ध्या सेकंदाचा फरक म्हणजे पकडीत सुमारे एकवीस टक्क्यांची वाढ झाली. ती वाढ अधिक ताकदीच्या इंजिनाने मिळत नाही, कारण इथे प्रश्न टायर आणि त्यावर भार कसा वाटला जातो याचा आहे.

चाकांच्या अंतराची किमान मर्यादाही याच टप्प्यावर पाहावी. पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर किमान १५२५ मिलिमीटर असावे लागते. मार्गावर घट्ट वळणे भरपूर असल्यामुळे बहुतेक संघ या मर्यादेच्या जवळपासच राहतात.

इंजिनाला वीस मिलिमीटरच्या छिद्रातूनच श्वास का घ्यावा लागतो?

पेट्रोल गाडीसाठी ७१० घनसेंटीमीटरपर्यंतचे चार स्ट्रोकचे इंजिन चालते. बहुतेक संघ मोटरसायकलचे ६०० घनसेंटीमीटरचे चार सिलिंडरचे किंवा त्याहून लहान एक सिलिंडरचे इंजिन निवडतात. अशी इंजिने मुळात या छोट्या मार्गासाठी फार ताकदवान असल्यामुळे सगळी हवा २० मिलिमीटर व्यासाच्या एकाच वर्तुळाकार छिद्रातून, म्हणजे रिस्ट्रिक्टरमधून, जावी असा नियम आहे. ई-८५ (सुमारे ८५ टक्के इथेनॉल असलेले) इंधन वापरल्यास हा व्यास १९ मिलिमीटर असतो.

छिद्रातील हवेचा वेग ध्वनीच्या वेगाइतका झाला की प्रवाह गुदमरतो. त्यानंतर इंजिन कितीही जोराने ओढो, हवेचे वस्तुमान वाढत नाही. २० मिलिमीटरच्या छिद्रासाठी ही मर्यादा सामान्य तापमानात सेकंदाला सुमारे ७४ ग्रॅम हवा इतकी येते. एवढ्या हवेत जेवढे पेट्रोल जळेल तेवढीच ताकद मिळणार, आणि ती साधारण १०० अश्वशक्तीच्या आसपास अडते. म्हणून इथले कौशल्य कमाल ताकद वाढवण्यात नसून त्या मर्यादेपर्यंत इंजिनाच्या कमी फेऱ्यांवर पोहोचण्यात, मधल्या फेऱ्यांवर भरपूर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, मिळवण्यात आणि चालकाच्या पायाला इंजिन अंदाज येईल असे वागवण्यात आहे. छिद्राच्या पुढचा भाग हळूहळू रुंदावत नेला तर हरवलेला दाब बराचसा परत मिळतो. फार झपाट्याने रुंदावला तर प्रवाह भिंतीपासून सुटतो आणि सगळी मेहनत वाया जाते.

हवेच्या मार्गातली गळती हाही इथलाच विषय आहे. तपासणीत रिस्ट्रिक्टरचे तोंड बंद करून पाहतात. इंजिन लगेच बंद पडले पाहिजे. ते धापा टाकत का होईना चालू राहिले, तर कुठून तरी चोरून हवा येत आहे हे उघड होते.

पेट्रोल घ्यावे की इलेक्ट्रिक?

पहिल्याच वर्षी गाडी बांधणाऱ्या आणि उच्च दाबाच्या विजेचा अनुभव नसलेल्या संघाने इलेक्ट्रिककडे वळू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. जर्मनीतील स्पर्धेत २०१० पासून इलेक्ट्रिक गट आहे आणि आज आघाडीचे बहुतेक संघ त्यातच दिसतात. ते स्वाभाविकही आहे, कारण प्रत्येक चाकाला स्वतंत्र मोटर देऊन वळणावर टॉर्क हवा तसा वाटता येतो. तथापि इथे ताकद ८० किलोवॉटवर आणि विद्युतदाब ६०० व्होल्टवर मर्यादित आहे. बॅटरीच्या प्रत्येक सेलचा दाब आणि पुरेशा सेलांचे तापमान सतत मोजावे लागते. उच्च दाबाची वायरिंग गाडीच्या सांगाड्यापासून विद्युतदृष्ट्या अलग राहिली आहे की नाही, हे एक स्वतंत्र उपकरण पाहत असते आणि दोष आढळताच साखळीने जोडलेले रिले (विजेने चालणारे स्विच) उघडून बॅटरी तोडली जाते. गाडीवर दोन मिनिटे पाणी फवारून हे सारे शाबूत राहते का, तेही तपासतात.

यांपैकी कोणतीच गोष्ट अवघड नाही, पण प्रत्येकीला वेळ लागतो. अनेक इलेक्ट्रिक गाड्या स्पर्धेचे सारे दिवस तपासणीच्या रांगेत घालवतात आणि एकदाही न धावता परत जातात.

नळ्यांचा सांगाडा बरा की कार्बन फायबरचा मोनोकॉक?

पोलादी नळ्यांचा सांगाडा स्वस्त असतो, दुरुस्त करता येतो आणि त्याची मजबुती सिद्ध करणे सोपे जाते. मोनोकॉक (नळ्यांऐवजी कवचानेच भार पेलणारी चासी) हलका आणि पिळाला अधिक ताठ होऊ शकतो. मात्र त्यासाठी साचे, भट्टी, नमुन्यांच्या चाचण्या आणि पोलादाशी समकक्षता दाखवणारे जाडजूड कागदपत्र लागते. कोणताही पर्याय निवडला तरी चालकाच्या डोक्यामागचा मुख्य हूप (गाडी उलटल्यास चालकाला वाचवणारी नळीची कमान) पोलादाचाच असावा लागतो.

वेल्डिंगपूर्वी नळ्या पक्क्या जिगमध्ये (जागेवर घट्ट धरणाऱ्या चौकटीत) बांधाव्यात आणि टाके एका बाजूने सलग न घालता समोरासमोर घालत जावेत. पोलाद तापून निवताना ओढले जाते, आणि दोन मिलिमीटरने सरकलेला सस्पेन्शनचा बिंदू नंतर कोणत्याही गणिताने जागेवर येत नाही.

इतक्या कमी वेगात पंखांचा उपयोग होतो का?

होतो, आणि हा प्रश्न आजही वादाचा आहे. एन्ड्युरन्समध्ये सरासरी वेग ताशी ४८ ते ५७ किलोमीटर आणि कमाल वेग सुमारे १०५ किलोमीटर राहील अशा बेताने मार्ग आखतात. डाउनफोर्स (गाडीला जमिनीकडे दाबणारा हवेचा जोर) वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे इतक्या संथ गतीत तो नगण्य असेल असा पूर्वी समज होता. ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठाच्या संघाने मोठे पंख लावून तो खोटा ठरवला. गाडीचे वजनच दोन-अडीचशे किलोपर्यंत असते, त्यामुळे काही दहा किलोंचा अतिरिक्त दाबही पकडीत जाणवण्याजोगी भर घालतो.

असे असले तरी पंख म्हणजे वजन, अडथळा, तुटण्याजोगे आधार आणि आखणीतले शेकडो तास. ज्या संघाची गाडी गेल्या वर्षी एन्ड्युरन्स पूर्ण करू शकली नाही, त्याने ते तास आधी तिकडे द्यावेत.

तांत्रिक तपासणीत काय पाहतात आणि गाड्या कुठे अडकतात?

तपासणी उत्तीर्ण झाल्याची चिकटपट्टी गाडीवर लागेपर्यंत एक मीटरही धावता येत नाही. सर्वसाधारण टप्पे पुढीलप्रमाणे असतात.

प्रथम सांगाडा आणि चालकाची जागा पाहतात. उंच पुरुषाच्या मापाचा एक ठरावीक साचा आसनात बसवतात. त्याच्या डोक्यापासून पुढच्या आणि मुख्य हूपांना जोडणाऱ्या रेषेपर्यंत पुरेसे अंतर राहिले पाहिजे. कागदावर मोजलेले हे अंतर आसन, डोक्यामागची गादी आणि प्रत्यक्ष वेल्डिंग यांनी हमखास खाल्ले जाते. चालकाला सर्व पट्टे बांधलेल्या स्थितीतून ५ सेकंदांत बाहेर पडता आले पाहिजे. हा सराव संघातल्या सर्वांत उंच आणि सर्वांत बुटक्या, अशा दोन्ही चालकांनी आधीपासून करावा.

पुढे लावलेल्या आघातशोषकाची चाचणी संघाने आधीच करून अहवाल दिलेला असतो. ३०० किलोची गाडी सेकंदाला ७ मीटर वेगाने भिंतीवर आदळली असे मानतात, म्हणजे ७३५० ज्यूल ऊर्जा शोषावी लागते. सरासरी मंदन गुरुत्वाकर्षणाच्या २० पटींहून आणि क्षणिक मंदन ४० पटींहून अधिक होता कामा नये. साधे गणित केले तर सरासरीची अट पाळण्यासाठी शोषक किमान साडेबारा सेंटीमीटर चुरगळला पाहिजे असे दिसते. फार कडक शोषक हा चांगला शोषक नव्हे, हे नव्या विद्यार्थ्यांना पटवावे लागते.

मग गाडी कलत्या फळीवर चढवतात. ४५ अंशांना कोणताही द्रव गळता कामा नये आणि ६० अंशांना गाडी उलटता कामा नये. पेट्रोल गाड्यांचा आवाज मोजतात. शेवटी ब्रेकची चाचणी होते : वेगात आलेल्या गाडीची चारही चाके एकाच वेळी लॉक झाली पाहिजेत. ही चाचणी दिसते सोपी आणि छळते सर्वांत जास्त. पुढच्या-मागच्या ब्रेकचे संतुलन चुकलेले, ब्रेकच्या नळ्यांत हवा राहिलेली किंवा नवे पॅड अजून बसलेले नाहीत, अशी कारणे असतात; आणि तिन्हींवर इलाज एकच, की गाडी स्पर्धेला नेण्यापूर्वी ही चाचणी आपल्या मैदानावर वीस वेळा करून पाहावी.

वर्षभराचे वेळापत्रक कसे असावे?

स्पर्धेच्या तारखेपासून मागे मोजत यावे. शेवटचे दोन महिने निव्वळ चाचणीसाठी राखून ठेवावेत आणि त्यांना हात लावू देऊ नये. त्याआधीचे चार महिने बांधणी आणि जोडणी. त्याआधीचे तीन-चार महिने आखणी. आणि अगदी सुरुवातीला मागील गाडीचे प्रामाणिक परीक्षण.

सगळ्यांत कठीण गोष्ट आराखडा गोठवणे ही आहे. संगणकावर अपराइटचे (चाक धरून ठेवणाऱ्या भागाचे) वजन आणखी चाळीस ग्रॅमनी कमी करता येते, चाकाचा हब थोडा पातळ होतो, सस्पेन्शनच्या विशबोन दांड्यांचा कोन सुधारतो. आणि प्रत्येक सुधारणा योग्यच असते. परंतु एका आठवड्याने उशिरा गोठवलेला आराखडा यंत्रकामाला दोन आठवडे आणि जोडणीला तीन आठवडे उशीर करतो, आणि हा सारा उशीर शेवटी चाचणीच्या वाट्यातून कापला जातो, कारण स्पर्धेची तारीख कोणासाठी हलत नाही. उपविभागप्रमुखाने लाडक्या भागाला आणखी एक आवृत्ती मागितली की कर्णधाराने नाही म्हणावे. त्या दिवशी तो अप्रिय होईल. त्याला इलाज नाही.

वायरिंग हार्नेसला, म्हणजे गाडीभरच्या तारांच्या जुडग्याला, वेळापत्रकात स्वतंत्र ओळ द्यावी. ते काम शेवटच्या आठवड्यात एका जागरणात उरकले जाते आणि पुढचे सारे वर्ष त्याची फळे भोगावी लागतात.

एन्ड्युरन्समध्ये इतक्या गाड्या बंद का पडतात?

कारण बहुतेक संघांची गाडी २२ किलोमीटर सलग धावण्याचा प्रसंग त्याच दिवशी प्रथम आलेला असतो. मोठ्या आघातांनी गाड्या बंद पडतात असे नाही. सुटलेला कनेक्टर, कापलेली वायर, उकळलेले कूलंट, सैल झालेला नट, ताण बदलल्याने उडालेली साखळी किंवा इंधनाच्या टाकीतल्या हिंदकळण्यामुळे पंपाला लागलेली हवा, अशी किरकोळ कारणे असतात. इलेक्ट्रिक गाड्यांत बॅटरी तापणे आणि ऊर्जेचा अंदाज चुकणे यांची भर पडते.

आमच्या एका गाडीची गोष्ट सांगण्याजोगी आहे. एन्ड्युरन्सच्या मध्यावर चालक बदलावा लागतो आणि त्यासाठी ३ मिनिटे मिळतात. या वेळी इंजिन बंद असते. पहिल्या चालकाने निम्मे अंतर उत्तम वेळेत कापले. दुसरा बसला, पट्टे बांधले, बटण दाबले, आणि स्टार्टरने दोनदा उसासा टाकून मान टाकली. थांबलेल्या इंजिनाची उष्णता बाहेर जायला वाट नव्हती, एक्झॉस्टच्या शेजारी बसवलेला रिले तापला होता आणि हलकी म्हणून निवडलेली बॅटरी गरम इंजिन फिरवायला अपुरी होती. चाचणीच्या दिवसांत गाडी थांबली की आम्ही जेवायला जात असू आणि परत येईपर्यंत इंजिन गार झालेले असे. गरम इंजिन तीन मिनिटांनी पुन्हा सुरू करणे ही साधी चाचणी वर्षभरात कोणाला सुचली नाही. आता ती आमच्या यादीत पहिली आहे.

डिझाइनचे परीक्षक काय विचारतात?

त्यांचा मुख्य प्रश्न एकच असतो : असे का? उद्योगातले आणि शर्यतीतले अनुभवी अभियंते एखाद्या भागावर बोट ठेवतात आणि तो त्याच मापाचा का, दुसरे कोणते पर्याय पाहिले, गणिताने जे सांगितले ते प्रत्यक्ष मोजून पाहिले का, असे विचारत जातात. संगणकावरील रंगीत ताणचित्रे दाखवून भागत नाही. चाकावर येणारा भार कुठून घेतला, हे सांगता आले नाही तर त्या चित्राला अर्थ उरत नाही. याउलट, चासीच्या एका टोकाला पक्के बांधून दुसऱ्या टोकाला वजने टांगली, पीळ मोजला आणि तो गणितापेक्षा बराच कमी ताठ निघाला, असे सांगून त्याची कारणे देणारा विद्यार्थी गुण मिळवून जातो. चूक लपवण्यापेक्षा मोजलेली चूक मांडणे इथे फायद्याचे असते, आणि परीक्षेच्या सवयीमुळे विद्यार्थ्यांना हे सहसा पटत नाही.

गाडी कोण चालवते?

संघातलेच विद्यार्थी. एका चालकाला मर्यादित प्रकारांतच भाग घेता येतो, त्यामुळे किमान चार चांगले चालक तयार ठेवावेत. कर्णधार किंवा सर्वाधिक काम केलेला सभासद चालक असावाच असे नाही. निवड घड्याळावर करावी आणि ती सर्वांदेखत करावी. ऑटोक्रॉस आणि एन्ड्युरन्समध्ये पाडलेल्या प्रत्येक शंकूमागे २ सेकंदांचा दंड असल्यामुळे धाडसापेक्षा सातत्य अधिक मोलाचे ठरते.

पैसा कुठून येतो?

विद्यापीठाचे अनुदान, माजी विद्यार्थी आणि प्रायोजक. रोख रकमेपेक्षा साहित्य, यंत्रकामाचे तास, सॉफ्टवेअरचे परवाने किंवा बेअरिंगांची खोकी देणारे प्रायोजक लवकर मिळतात. त्यांना वर्षभर कामाची माहिती कळवत राहावे. केवळ मागण्यापुरते पत्र पाठवणाऱ्या संघाला दुसऱ्या वर्षी उत्तर येत नाही.

अभ्यासाचे नुकसान होते का?

होते, जर होऊ दिले तर. परीक्षेच्या काळात कार्यशाळेला कुलूप लावणारे संघ आणि पहाटेपर्यंत काम करण्याचा अभिमान बाळगणारे संघ, असे दोन्ही आम्ही पाहिले. दुसऱ्या प्रकारच्या संघांत रात्री तीन वाजता केलेली वेल्डिंग सकाळी कापावी लागते.

वरिष्ठ उत्तीर्ण होऊन गेले की त्यांचे ज्ञान कसे टिकवायचे?

ही प्रत्येक संघाची कायमची दुखरी नस आहे. अंतिम आराखडे सर्वच जण जपतात. ते आराखडे तसे का झाले, हे मात्र कोणी लिहीत नाही. म्हणून प्रत्येक मोठ्या निर्णयासाठी एक पान लिहावे : कोणते पर्याय होते, कोणता निवडला, कोणत्या आकड्यांवरून, आणि पुढे तो बरोबर ठरला की चूक. स्पर्धेहून परतल्यावर पहिल्याच आठवड्यात, शिणवटा आणि राग ताजा असतानाच, बिघाडांची यादी करावी. महिन्याने तीच यादी बरीच सौम्य होते. शिवाय प्रत्येक उपविभागप्रमुखाच्या शेजारी कनिष्ठ वर्गातला एक जण पहिल्या दिवसापासून असावा.

विद्यार्थ्यांची गाडी एका सेकंदाच्या आत ताशी १०० किलोमीटरला पोहोचली, हे खरे आहे का?

खरे आहे. स्वित्झर्लंडमधील झुरिकच्या ईटीएच विद्यापीठाच्या आणि ल्यूसर्न येथील विद्यार्थ्यांच्या संघाने सप्टेंबर २०२३ मध्ये ‘मिथेन’ (Mythen) नावाच्या इलेक्ट्रिक गाडीने ०.९५६ सेकंदात हा वेग गाठला आणि त्यासाठी तिला १२.३ मीटर अंतर लागले. गाडीचे वजन सुमारे १४० किलो आणि ताकद २४० किलोवॉट होती. सरासरी त्वरण काढले तर ते गुरुत्वाकर्षणाच्या जवळजवळ तिप्पट भरते. निव्वळ वजनाच्या जोरावर टायरला इतकी पकड मिळणे शक्य नाही, म्हणून गाडीखालची हवा ओढून तिला जमिनीला चिकटवणारी यंत्रणा बसवलेली होती. मात्र २४० किलोवॉट ही ताकद स्पर्धेच्या ८० किलोवॉटच्या मर्यादेच्या तिप्पट आहे. म्हणजे ही विक्रमासाठी बदललेली गाडी होती, स्पर्धेत धावणारी नव्हे. प्रायोजकांना हा विक्रम सांगताना एवढे जरूर सांगावे.

चालकाविना धावणाऱ्या गाड्याही असतात का?

असतात. जर्मनीतील स्पर्धेत २०१७ पासून हा प्रकार सुरू झाला. मार्गाच्या दोन बाजूंना वेगवेगळ्या रंगांचे शंकू असतात. कॅमेरा आणि लायडार (लेझरने अंतर मोजणारे उपकरण) यांच्या आधारे गाडी ते ओळखते आणि मार्ग स्वतः आखते. बरेच संघ यासाठी आपलीच जुनी गाडी वापरतात, कारण यांत्रिक बिघाडांचा इतिहास माहीत असलेली गाडी हाताशी असली की दोष सॉफ्टवेअरमध्ये आहे की चाकात, हे लवकर कळते.

पहिल्या वर्षी काय ध्येय ठेवावे?

तपासणी पहिल्याच दिवशी उत्तीर्ण व्हावी आणि एन्ड्युरन्स पूर्ण व्हावी. एक सिलिंडरचे इंजिन, पोलादी सांगाडा, पंख नाहीत, सहज मिळणारे बेअरिंग आणि कनेक्टर, अशी गाडी बांधावी. ती पाहून कोणी थबकणार नाही, पण ती दोन महिने आधी धावू लागेल.

स्पर्धा संपल्यावर गाडीचे काय होते?

तीच चासी पुढच्या वर्षी पुन्हा घेऊन येण्यावर नियमांची बंधने असल्यामुळे ती गाडी सहसा स्पर्धेला परत जात नाही. पहिले काही महिने ती नव्या चालकांच्या सरावासाठी आणि मोजमापांसाठी वापरतात. सस्पेन्शनमधील बलमापक, टायरचे तापमान, कूलंटचे तापमान यांची नोंद जुन्या गाडीवर जितकी सविस्तर घेता येईल तितकी घ्यावी, कारण नव्या आराखड्याला लागणारे भार याच नोंदींतून मिळतात. पुढे नव्या गाडीला एखादा कॅलिपर कमी पडतो, मग डिफरेन्शियल हवे असते, मग स्टिअरिंग रॅक. आणि वर्षाअखेरीस जुन्या गाडीचा उघडा सांगाडा कार्यशाळेच्या भिंतीला टेकून उभा असतो, ज्यावर नवे विद्यार्थी वेल्डिंगपूर्वी नळ्यांची तोंडे कशी घासून जुळवली होती ते बोट फिरवून पाहतात.